आठवा खांब

पहिल्या वादळाने विजेचे खांब उसाच्या रानात आडवे केले, त्याला दहा दिवस झाले होते. तारा अजून चिखलात लोळत होत्या. फिजीतल्या आमच्या लाबासा शहरात म्हणे वीज आली होती. आमच्या नदीच्या अलीकडे कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

वस्तीत वेल्डिंग करणारा एकटा जगरूप. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारा लहानसा जनरेटर होता, दोन माणसांनी उचलावा एवढा, आणि खांद्याला अडकवून न्यायचं वेल्डिंगचं मशीन. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रेलरचे मोडलेले आकडे जोडावेत एवढ्यासाठी त्याने ते घेतलं होतं. या दहा दिवसांत मात्र त्याने लोकांच्या टाक्यांची तिवई जोडली, दारांच्या बिजागऱ्या जोडल्या, नदीवरच्या पायपुलाचा कठडा जोडला. डोळे मिरची गेल्यासारखे लाल झाले होते. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे काळे ठिपके होते. स्वतःच्या घराच्या पत्र्यावर त्याने मातीच्या गोण्या टाकल्या होत्या, तेवढ्याच.

गुरुवारी सकाळी रेडिओने सांगितलं, दुसरं वादळ निघालंय. शनिवारी दुपारपर्यंत इथे पोचेल. पहिल्यापेक्षा मोठं.

त्याची बायको सुमिंत्रा रोट्या लाटत होती. तिने पिठाच्या हातानेच रेडिओ बंद केला.

"अगं, ऐकू दे की."

"ऐकून काय होणार? येणारच आहे ते," ती म्हणाली. पण पुढच्या दोन रोट्या करपल्या.

तेवढ्यात अंगणात आपेनिसा आला. जगरूप तीस वर्षं ज्या जमिनीत ऊस लावत होता, ती जमीन या आपेनिसाच्या कुळाची. खालच्या कोरोचा, म्हणजे त्यांच्या फिजी गावाचा, तोच मुखिया. जमिनीचा करार पुढल्या वर्षी संपत होता. त्याच्या मागोमाग त्याचा पुतण्या सावेनाका होता. शहरातल्या हॉटेलातली नोकरी सुटली म्हणून गावी परतला होता आणि आता आपली जमीन आपणच कसू, असं गावभर बोलत होता.

आपेनिसाने सपाता काढल्या आणि ओट्यावर मांडी घातली. जगरूपची म्हातारी आई धनराजी कोपऱ्यात बसली होती, तिची चौकशी केली. मग म्हणाला, "जगरूप, आमच्या गावच्या हॉलच्या छपराच्या कैच्या सुटल्यात."

"किती?"

"खांब आठ. आठही ठिकाणी जोड तडकलाय. शाळेचा पत्रा मागच्या वेळेस गेला. आता सगळ्यांना बसायला हॉल तेवढाच उरलाय. आमच्या लोकांना आणि तुमच्यांनापण."

जगरूपने हॉल पाहिला होता. लोखंडी खांब, प्रत्येकाच्या डोक्यावर पट्टी, पट्टीवर छपराची कैची टेकलेली. खारा वारा लागून गंजलेलं सगळं.

"तुरांगा," मुखियाला म्हणतात तसं तो आदराने म्हणाला, "हा जनरेटर लहान आहे. एवढं जाड लोखंड त्याला पेलायचं नाही. मोठ्या मशीनवाल्याला लाबासाहून बोलवा."

"रस्ता कुठाय?" आपेनिसा म्हणाला.

सावेनाका अंगणातल्या जनरेटरपाशी गेला. पायाच्या अंगठ्याने त्याला ढकलून म्हणाला, "मिस्त्री, आवाज तर बोटीएवढा करतो. काम कोंबडीएवढं करतो होय?"

जगरूपचे कान तापले. "उद्या सकाळी येतो," तो म्हणाला.

ते दोघे गेल्यावर सुमिंत्रा म्हणाली, "एका दिवसात आठ खांब?"

"नाही म्हणू? पुढल्या वर्षी कुठे जायचं आपण?"

वेल्डिंगचे रॉड दमट झाले होते. ते सुमिंत्राने पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा चुलीच्या निखाऱ्यांशेजारी ठेवला. रात्रीचा स्वयंपाक होईपर्यंत अधूनमधून डबा फिरवत राहिली.

शुक्रवारी उजाडताना दोघं हॉलवर पोचली. आभाळ स्वच्छ होतं आणि वारा अजिबात नव्हता. ते स्वच्छ आभाळच बघवत नव्हतं. पक्षी एकही दिसत नव्हता.

कामाची पद्धत दोघांची ठरलेली होती. जनरेटर सुमिंत्राकडे. हॉलच्या बाहेर, भिंतीला लागून, ज्या खांबाचं काम त्याच्याजवळ तो ठेवायचा, म्हणजे वायर आखूड राहते आणि विजेचा जोर वाटेत मरत नाही. आधी पाच मिनिटं मोकळा चालवून गरम करायचा. ग्राइंडर आणि वेल्डिंग एकाच वेळी कधीच नाही. दोन्ही एकदम लावलं की तो गुदमरायचा. जगरूप शिडीवर चढून गंज घासायचा, मग ओरडायचा, "आता जोडतो गं!" ती ग्राइंडरची पिन काढून मशीनची लावायची. रॉड लोखंडाला टेकला की जनरेटर एकदम खाली दबायचा आणि दातओठ खाऊन गुरगुरायचा. त्या गुरगुरण्यावरून तिला बाहेर बसून कळायचं, आत जोड धरतोय की नाही.

पहिला खांब व्हायला दीड तास लागला. पट्टी डोक्यावर, त्यामुळे वितळलेलं लोखंड खाली गळायचं. एक थेंब त्याच्या कॉलरमधून आत गेला, पार कंबरेपर्यंत. शिडीवर हलता येत नव्हतं. तो दात आवळून तसाच उभा राहिला आणि ओळ पूर्ण केली. मग हातोडीने जोडावर जमलेल्या मळीचा काळा पोपडा उडवला. खाली चांदीसारखी, माशाच्या खवल्यांची असते तशी ओळ निघाली.

"बघ," तो सावेनाकाला म्हणाला.

आपेनिसाने सावेनाका आणि आणखी एकजण जनरेटर उचलायला दिले होते. "एकच झाला, मिस्त्री," सावेनाका म्हणाला. "सात शिल्लक आहेत."

दुपारी आपेनिसाची बायको मेरेवालेसी उकडलेला कसावा आणि डब्यातली मासळी घेऊन आली. सुमिंत्राने रोट्या आणि चटणी काढली. सगळे मिळून जेवले, पण सगळ्यांचं लक्ष समुद्राकडे होतं. पाण्याचा रंग पालटला होता. ईशान्येला एक करडी पट्टी उठली होती. डोळे मिटून उघडले की ती थोडी वर आलेली दिसायची.

चार वाजता सातवा खांब झाला आणि पाऊस आला. सर नव्हती ती, पाण्याचा पडदाच होता. त्याच्याबरोबर वाराही आला. सुमिंत्राने अंगावरचं प्लास्टिक जनरेटरवर टाकलं आणि तो बंद केला.

"आत घेऊ," सावेनाका म्हणाला.

"आत नाही. धुराने माणसं मरतात," जगरूप म्हणाला.

जनरेटर पलीकडच्या स्वयंपाकाच्या छपरात न्यावा लागला. तिथून आठवा खांब चाळीस पावलांवर होता, हॉलच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात. वायर पुरेना. दोन बारीक वायरी जोडून, जोडावर पिशवी गुंडाळून, काठ्यांवरून लोंबती आणली. जगरूपला माहीत होतं काय होणार ते. एवढ्या लांब, एवढ्या बारीक वायरीतून अर्धा जोर वाटेतच जाणार.

तसंच झालं. रॉड टेकवला की चिकटून बसायचा. हिसका देऊन सोडवावा, पुन्हा टेकवावा, पुन्हा चिकटायचा. ठिणगी पडली तरी पिवळी, आजारी. लोखंड वितळून एकात एक जायला हवं, ते वरच्यावर मण्यांसारखं बसत होतं. वर छपराच्या फटीतून पाणी त्याच्या बाहीवर ठिबकत होतं. पाचव्यांदा रॉड सोडवताना त्याच्या ओल्या हातातून खांद्यापर्यंत झटका गेला. शिडी हलली. तो खांबाला मिठी मारून राहिला. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

काय झालं ते छपरात बसलेल्या सुमिंत्राला दिसलं नाही. तिला जनरेटरचा आवाज विचित्र वाटला, म्हणून तिने बटण दाबलं. आवाज थांबला आणि जगरूपचा हात सुटला.

ती भिजत धावत आली. "खाली ये. आत्ताच्या आत्ता खाली ये."

"चालू कर."

"मी करणार नाही."

"सुमिंत्रा, सगळे बघतायत. चालू कर."

दारात सावेनाका उभा होता. हाताची घडी घातलेली, ओठावर हसू. सुमिंत्राने त्याच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि परत गेली. जगरूपने खांद्यावरचा कोरडा टॉवेल हाताला गुंडाळला आणि आणखी सात-आठ टाके मारले. मग तिकडे पेट्रोल संपलं. जनरेटरने दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाला. गावात पेट्रोलचा आणखी थेंब नव्हता.

खालचा जोड दिसू नये म्हणून त्याने मळी उडवली नाही. तसाच खाली उतरला.

आपेनिसा खांबाखाली येऊन वर बघत राहिला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

"झालं?"

"झालं."

"पक्कं?"

सावेनाका अजून दारातच होता.

"पक्कं," जगरूप म्हणाला.

घरी सुमिंत्राने त्याच्या डोळ्यांवर काकडीचे काप ठेवले. पापण्यांखाली वाळू भरल्यासारखं खुपत होतं, पाणी थांबत नव्हतं.

"आठवा धरला नाही ना?" तिने विचारलं.

"धरलाय."

"मी आवाज ऐकलाय. सात वेळा तो गुरगुरला. आठव्याला नुसता कण्हत होता."

"तू मला शिकवणार?"

"सांगून ये त्यांना."

"आणि काय सांगू? की मी खोटं बोललो? सावेनाका उद्याच्या उद्या आपलं सामान रस्त्यावर काढेल."

तिने काकडीचे काप उलटले. "तुझ्या माईला उद्या त्याच छपराखाली बसवायचंय," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे हॉलमध्ये गोळा झालो. त्यांचे चाळीसेक, आमचे तीसेक. कोंबड्या, गाठोडी, स्टोव्ह, देवांच्या तसबिरी, एक शिलाई मशीन. मेरेवालेसीने म्हाताऱ्या माणसांसाठी समुद्राकडचा कोपरा राखून ठेवला होता. कोरडा होता आणि दोन बाजूंनी पक्की भिंत होती. तिने स्वतःची नवी चटई अंथरली आणि धनराजीला हाताला धरून तिथे बसवलं. वर बरोब्बर आठव्या खांबाचं डोकं.

दहा वाजता वाऱ्याने सूर धरला. आधी शिट्टी, मग शिट्टीखाली एक जड घरघर. नारळांच्या झावळ्या आधी गेल्या, मग झाडंच वाकू लागली. कुणीतरी प्रार्थना सुरू केली. आमच्या बाया रामायणाच्या ओळी पुटपुटत होत्या.

सुमिंत्रा उठली. काही न बोलता सासूजवळ गेली, तिला काखेत धरून उठवलं आणि दाटीतून वाट काढत तिसऱ्या खांबापाशी आणून बसवलं. परत जाऊन चटई गुंडाळायला लागली.

मेरेवालेसीने तिचा हात धरला. "का उठवलंस म्हातारीला?"

"तिथे गळतंय."

मेरेवालेसीने चटईवर तळवा फिरवला. चटई कोरडी होती. तिने हळूच वर पाहिलं, खांबाच्या डोक्याकडे, आणि मग सुमिंत्राच्या तोंडाकडे. त्या कोपऱ्यात तिची स्वतःची आई बसली होती, दोन बाळंतिणी होत्या.

"तुझी सासू तेवढी माणूस आहे का गं?" ती म्हणाली.

सुमिंत्राने मान खाली घातली. ते सगळं जगरूप पाच हातांवरून बघत होता. त्याचे हात मांड्यांखाली दाबलेले होते. बाहेर काहीतरी मोठं आदळलं आणि सगळा हॉल दचकला. तो उभा राहिला.

"तुरांगा!" वाऱ्यामुळे ओरडावं लागत होतं. "आठवा खांब पक्का नाही! काल मी खोटं बोललो! तिथून सगळ्यांना उठवा!"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सावेनाका माणसं ओलांडत आला आणि त्याने जगरूपची बंडी गळ्यापाशी मुठीत धरली. "काल विचारलं तेव्हा तोंडात काय होतं? आमच्या म्हाताऱ्या तिथे बसवल्या आम्ही!"

जगरूपने हात वर केले नाहीत. "मार. पण आधी त्यांना उठव."

"सोड त्याला," आपेनिसा म्हणाला. आवाज चढवला नाही, पण सावेनाकाची मूठ सैल झाली. आपेनिसा स्वतः कोपऱ्यात गेला आणि आपल्या सासूला उचलून घेतलं. मग सगळेच उठले. पाव हॉल मोकळा झाला आणि सत्तर माणसं उरलेल्या जागेत कोंबली गेली.

पुढचे सहा तास कसे गेले ते सांगता येणार नाही. पाय पसरता येत नव्हते. एकाचा गुडघा दुसऱ्याच्या पाठीत. म्हाताऱ्यांना लघवीला डबा द्यावा लागला. दोन बायकांनी चादर धरली, तरी धनराजी लाजेने रडली. लहान पोरं रडून थकली आणि आयांच्या अंगावर ओकली. आणि सगळ्यांचे डोळे त्या रिकाम्या कोपऱ्यावर. वाऱ्याचा तडाखा बसला की पत्रे फुगायचे, कैच्या करकरायच्या. दर वेळी वाटायचं, आता. जगरूप त्या खांबाच्या डोक्याकडे पापणी न हलवता बघत होता. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सुमिंत्राने त्याचा हात धरला.

मध्ये एकदा आपेनिसाने त्याला विचारलं, "बाकीचे सात?"

"ते धरतील."

"हे खरं?"

"हे खरं, तुरांगा."



चारच्या सुमाराला वारा ओसरायला लागला. कान आधी विश्वास ठेवेनात. मग पाऊस नुसता पाऊस राहिला. कुणीतरी दार उघडलं. बाहेर एक झाड धड उभं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या घरांपैकी निम्म्यांवर पत्रा नव्हता, जगरूपचं त्यातच. पण हॉलचं छप्पर जसंच्या तसं होतं. आठव्या खांबासकट.

आधी एकजण हसला. मग हसू पसरत गेलं. भीती उतरताना येतं तसलं ते हसू, थांबता थांबेना.

"सहा तास एकमेकांच्या मांडीवर बसवलंस रे आम्हाला!" सावेनाका पोट धरून म्हणाला. "तुझा जोड तर नारळासारखा घट्ट निघाला, मिस्त्री! तुलाच तुझी अक्कल ठाऊक नाही!"

आमचे लोकही हसत होते. कुणी जगरूपच्या पाठीवर थापा मारल्या. तो हसला नाही. कोपऱ्यातून शिडी आणली, खांबाला लावली आणि पिशवीतून मोठी हातोडी काढली.

"राहू दे ना," सुमिंत्रा हळूच म्हणाली. "टिकलंय. आता कशाला?"

"खालून बाजूला हो."

तो वर चढला. पहिला घाव घातला. ठण्ण आवाज झाला, काही हललं नाही. खाली पुन्हा हशा पिकला. त्याने दुसरा घाव घातला.

जोड अख्खाच्या अख्खा सुटला. जखमेवरची खपली निघावी तसा, आणि खाली फरशीवर पडला. वर कैची पट्टीवरून चार बोटं सरकली आणि धाडकन तिरकी बसली. सगळ्या छपरातून करकर आवाज गेला.

हसू तिथल्या तिथे थांबलं.

आपेनिसा वाकला. तो तुकडा त्याने उचलून उलटा केला. आतली बाजू सपाट, गुळगुळीत, गंजाची. लोखंड लोखंडाला लागलंच नव्हतं. कडेला करंगळीच्या नखाएवढी एकच जागा चमकत होती. तेवढीच धरलेली.

"याच्यावर?" तो म्हणाला.

"या वेळी वारा डोंगराकडून आला," जगरूप वरून म्हणाला. "कैचीला खाली दाबत होता. समुद्राकडून आला असता तर छपरासकट उचलली असती."

आपेनिसाने तुकडा सावेनाकाच्या हातात दिला. सावेनाकाने तो पाहिला, मग रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे मेरेवालेसीची आई सकाळी बसली होती, ती जागा. तुकडा हातोहात फिरला. बाळंतिणींपैकी एकीने तो हातात घेतला नाही, नुसती मागे सरकली.

"नदीपलीकडे जा कुणीतरी," आपेनिसा म्हणाला. "पेट्रोल मिळतंय का बघा. जनरेटर भिंतीला लावून ठेवा, आखूड वायरीवर. जगरूप, आजच होईल?"

"पेट्रोल आलं तर होईल."

"जमिनीचं आपण नंतर बोलू," आपेनिसा म्हणाला. चांगलं बोलणार की वाईट, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

जगरूपने उतरायला पाय खाली टाकला आणि पायच उचलेना. सकाळपासून आवरून धरलेलं सगळं अंगात आलं. दात वाजू लागले. हातातली हातोडी सुटून खाली पडली आणि तो शिडीला घट्ट चिकटून राहिला.

"अरे," सुमिंत्रा खालून म्हणाली, "ये ना खाली."

"येत नाही गं," तो म्हणाला. "पाय नाही ऐकत."

सावेनाकाने तो लोखंडाचा तुकडा खिशात टाकला. तो शिडीच्या चार पायऱ्या चढला आणि मागून जगरूपच्या कंबरेला मिठी घातली.

"मी धरलंय," तो म्हणाला. "डावा पाय टाक. हां. आता उजवा."

अशी एकेक पायरी करत त्याने त्याला खाली आणलं.